दिंडोरीची लढाई कुठे ठेवली आहे?

नाशिकच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर दिंडोरी आहे. आज हा तालुका द्राक्षांसाठी ओळखला जातो. इतिहासाच्या पुस्तकात मात्र त्याचे नाव वणीच्या जोडीने येते. वणी-दिंडोरीची लढाई, १७ ऑक्टोबर १६७०. सुरत दुसऱ्यांदा लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगल सरदार दाऊदखान कुरेशी याने या परिसरात गाठले, दिवसभर लढाई झाली आणि मराठे लूट घेऊन निघून गेले. पाठ्यपुस्तकात या घटनेला फार तर दोन वाक्ये मिळतात.

समजा, दिंडोरीच्या शाळेत नववीतल्या एखाद्या मुलीने विचारले, "सर, ही लढाई कुणी डोळ्यांनी पाहिली होती का? त्याने लिहिलेला कागद आता कुठे आहे? आम्हाला तो बघता येईल का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आपल्याला दिंडोरीहून थेट लंडनपर्यंत घेऊन जाते. हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती सर्वांना विनामूल्य का मिळाल्या पाहिजेत, हेही त्या उत्तरातून समजते.

साक्षीदार कोण?

लढाई पाहिलेला आणि तिच्याबद्दल लिहिणारा महत्त्वाचा साक्षीदार मोगलांच्या छावणीत होता. त्याचे नाव भीमसेन सक्सेना. बऱ्हाणपूरला जन्मलेला हा कायस्थ तरुण मोगलांच्या दक्षिणेतील फौजेत कारकुनी करत असे. पुढे दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी त्याने दीर्घकाळ चाकरी केली. आयुष्यात जे पाहिले ते त्याने फारसीत लिहून ठेवले. 'नुस्खा-इ-दिलकुशा' किंवा 'तारीख-इ-दिलकुशा' या नावाने हा ग्रंथ ओळखला जातो. लिहिणारा हिंदू, नोकरी मोगलांची, भाषा फारसी आणि विषय बराचसा मराठ्यांचा. इतिहासाची साधने अशी असतात. ती आपल्या आजच्या कप्प्यांत सहसा बसत नाहीत.

भीमसेनाच्या आधारे जदुनाथ सरकारांनी या लढाईचे जे वर्णन दिले आहे ते थोडक्यात असे. दाऊदखान चांदवडला पोचला. मध्यरात्रीच्या सुमारास त्याच्या हेरांनी बातमी आणली की शिवाजीराजे घाटातून बाहेर पडून नाशिकच्या वाटेला लागले आहेत आणि त्यांची निम्मी फौज मागे राहून घाट धरून आहे. दाऊदखान लगेच निघाला. वाटेत चंद्र मावळला आणि काळोखात त्याची फौज विस्कळीत झाली. सकाळी आघाडीवरच्या इखलासखान मियाना याला मराठे दिसले. मागून येणाऱ्यांसाठी न थांबता त्याने हल्ला केला आणि तो जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. नंतर दाऊदखान पोचला. मोगलांच्या बाजूच्या बुंदेल्यांनी बंदुकांच्या माऱ्याने मराठ्यांना दूर ठेवले. तोफखान्याचा दारोगा मीर अब्दुल माबूद मुख्य फौजेपासून तुटला, जखमी झाला, त्याचा एक मुलगा पडला आणि त्याची निशाणे मराठ्यांच्या हाती गेली. संध्याकाळी लढाई थांबली. मोगलांनी उघड्यावर मुक्काम केला, मेलेल्यांना पुरले, जखमींची व्यवस्था लावली. मराठे कोकणाकडे उतरले.

दुसरा साक्षीदार मराठ्यांच्या बाजूचा आहे, पण तो काळाने दूर आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली, ती १६९० नंतर. म्हणजे लढाईला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सभासदाच्या मते तीन हजार मोगल मारले गेले आणि तीन-चार हजार घोडी हाती लागली. भीमसेनाच्या कथनात असा मोठा पराभव दिसत नाही. त्यात दिसते ती अडचणीत सापडलेली, पण मैदानात टिकून राहिलेली फौज.

तिसरे कागद सुरतेच्या इंग्रज वखारीचे. स्ट्रेनशॅम मास्टर याच्या हाताखाली इंग्रजांनी आपली वखार राखली होती. त्यांची पत्रे सुरतेच्या लुटीबद्दल बोलतात. दिंडोरीत काय घडले ते इंग्रजांनी पाहिले नव्हते, पण लढाई ज्या मोहिमेचा शेवट होती तिच्या सुरुवातीच्या तारखा त्या कागदांमुळे पक्क्या होतात.

आता वर्गात खरा इतिहास सुरू होतो. दोन्ही बाजू कशावर एकमत आहेत? लूट सुखरूप गेली यावर. कशावर मतभेद आहेत? नुकसानीच्या आकड्यांवर. कुणाला काय लपवायचे होते, कुणाला काय मोठे करून सांगायचे होते? मुले यावर उत्तम वाद घालू शकतात. त्यासाठी त्यांच्यापुढे दोन वाक्यांच्या सारांशाऐवजी साक्षी असायला हव्यात.

चंद्राची साक्ष

"चंद्र मावळला आणि काळोखात फौज विस्कळीत झाली" या तपशिलापाशी थोडे थांबू या. हा भाग खरा कशावरून? तो कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो.

शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला आणि त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होती, हे सर्वांना माहीत आहे. ही तारीख आणि लढाईची तारीख दोन्ही जुन्या ज्यूलियन पद्धतीच्या आहेत, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येते. १७ ऑक्टोबर १६७० ते १७ ऑक्टोबर १६७३ या तीन वर्षांत १६७२ हे लीप वर्ष येते, म्हणून १,०९६ दिवस. पुढे ६ जून १६७४ पर्यंत २३२ दिवस. एकूण १,३२८. अमावस्येपासून अमावस्येपर्यंतचा सरासरी काळ २९.५३ दिवसांचा. ४५ चांद्रमासांचे दिवस होतात १,३२८.९. म्हणजे दोन्ही तारखांना चंद्राची कला जवळपास सारखी, फरक जेमतेम एका दिवसाचा. लढाईच्या दिवशी शुक्ल पक्षातली त्रयोदशी-चतुर्दशी होती आणि आदल्या रात्री द्वादशी-त्रयोदशी.

या तिथींना चंद्र दुपारनंतर उगवतो, बहुतेक रात्र आकाशात असतो आणि उजाडण्याच्या दोन-तीन तास आधी मावळतो. मध्यरात्री निघालेल्या फौजेला आधी चांदणे आणि पहाटेपूर्वी काळोख मिळाला असणार. वर्णन बरोबर जुळते. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाची साक्ष आठवी-नववीच्या गणिताने तपासून निघते.

विज्ञानात आपण मुलांना सांगतो की प्रयोग दुसऱ्याला करून पाहता आला पाहिजे, तरच निष्कर्षाला वजन येते. इतिहासातही हेच आहे. विधान केले की ते ज्या कागदावर उभे आहे तो कागद दुसऱ्याला पाहता आला पाहिजे. फरक एवढाच की आम्लारीचा प्रयोग कुठल्याही शाळेत करता येतो आणि कागद मात्र जगात एकच असतो. तो कुलपात असेल तर इतिहासकाराच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

एका पोथीचा प्रवास

भीमसेनाच्या ग्रंथाची एक महत्त्वाची प्रत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. १९७३ पासून तो संग्रह ब्रिटिश लायब्ररीकडे आहे. १७९४ मध्ये जोनाथन स्कॉट या कंपनीच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या इतिहासावरील आपल्या पुस्तकात त्याचे संक्षिप्त इंग्रजी रूप छापले. विशेष म्हणजे तिथे भीमसेनाचे नाव नव्हते. 'एका बुंदेला अधिकाऱ्याची रोजनिशी' असे त्याला म्हटले होते. बुंदेल्याच्या पदरी असलेला कायस्थ लेखक संक्षेप करणाऱ्याच्या हातून बुंदेला होऊन गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी जदुनाथ सरकार युरोपातल्या ग्रंथालयांतून फारसी हस्तलिखितांच्या छायाप्रती पदरचे पैसे घालून मागवू लागले. १९१९ मध्ये त्यांचा इंग्रजी शिवचरित्रग्रंथ निघाला आणि दिंडोरीची लढाई भीमसेनाच्या नजरेतून अभ्यासकांना दिसली. पुढे सेतुमाधवराव पगडी यांनी भीमसेनाच्या आठवणी मराठी वाचकांपर्यंत आणल्या. सरकारांच्या इंग्रजी अनुवादावर आधारलेले पुस्तक महाराष्ट्र शासनाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

लढाई १६७० ची आणि तिचा सविस्तर वृत्तांत देणारा ग्रंथ इंग्रजीत सर्वांना मिळाला १९७२ मध्ये. तीनशे दोन वर्षे! या काळात ज्याच्याकडे लंडनला जायला किंवा तिथून प्रत मागवायला पैसे होते, ज्याला फारसी येत होते आणि ज्याची शिफारस होती, त्यालाच हा कागद बघता आला. दिंडोरीतल्या माणसाला आपल्या गावाची गोष्ट दुसऱ्याने निवडून, भाषांतरून दिली तेवढीच मिळाली.

बंद दप्तरे आणि ती उघडणारे

हे केवळ परदेशातल्या कागदांबाबत घडले असे नाही. पुण्याचे पेशवे दप्तर आपल्याच दारात होते. कंपनी सरकारला इनामांचे हक्क तपासायचे होते. त्यासाठी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि जुने कागद गोळा झाले. ज्या कागदांवर लोकांच्या जमिनी अवलंबून, ते लोकांना मोकळेपणाने दाखवायला सरकार तयार नव्हते. १८९१ मध्ये पुण्यात दप्तरासाठी खास इमारत उभी राहिली. इमारत भक्कम होती आणि दारही तितकेच भक्कम होते. संशोधकांना तिथे सहज प्रवेश नव्हता.

त्याच काळात दाराबाहेर वेगळेच काही चालले होते. १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले. जुन्या बखरी, पत्रे, कविता जशा मिळतील तशा छापून वाचकांच्या हाती द्यायच्या हा त्याचा उद्देश. सभासदाची बखर अशाच प्रयत्नांतून सामान्य वाचकापर्यंत आली. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि पेट्यांतून त्यांनी कागद मिळवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या सर्वांची धारणा एकच होती. कागद मालकाच्या घरात असू दे, पण त्यातला मजकूर समाजाचा आहे. तेव्हा तो समाजापर्यंत नेण्याचे साधन छापखाना होते. आज त्या जागी कॅमेरा आणि इंटरनेट आले आहे.

पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध झाले. हे प्रचंड काम होते. तरीही ती निवड होती. दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले कागदांचे हजारो गठ्ठे आहेत आणि छापलेले कागद हा त्यांचा लहानसा अंश आहे.

निवडणारा आपले प्रश्न घेऊन निवडतो. सरदेसायांच्या पिढीचे प्रश्न प्रामुख्याने राजकारणाचे, मोहिमांचे होते. आज प्रश्न बदलले आहेत. जॉर्ज अ‍ॅडमसन आणि डेव्हिड नॅश या संशोधकांनी जुनी वृत्तपत्रे, रोजनिशा आणि पत्रव्यवहार चाळून पश्चिम भारतातील १७८१ ते १८६० या काळात पावसाळा कसा होता याचा आलेख मांडला. पर्जन्यमापक नव्हते त्या वर्षांचा पाऊस त्यांनी कागदांतून मोजला. त्यांची साधने मुख्यतः इंग्रजी होती. मराठी दप्तरांत पीक बुडाल्यामुळे दिलेली सूट, धान्याचे भाव, तगाई, पाण्याचे तंटे अशा नोंदी असतात. अवकाळी पावसाने द्राक्षबागांची धूळधाण होते त्या दिंडोरी तालुक्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. पण मोडी जाणणारा आणि हवामानशास्त्र जाणणारा यांची गाठ पडण्यासाठी कागद दोघांनाही आपापल्या गावी बसून दिसला पाहिजे.

एका कागदाने तारीख बदलली

एखाद्या घरात पडून राहिलेला कागद किती उलथापालथ करू शकतो याचे उदाहरण शिक्षकांच्या रोजच्या परिचयाचे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा, असे बखरींच्या आधारे बराच काळ मानले जात होते. जेधे घराण्याकडची शकावली लोकमान्य टिळकांना मिळाली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एकाच कागदावर एवढा मोठा बदल कसा करायचा? मग जोधपूरला एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली. तंजावरला कवींद्र परमानंदाच्या शिवभारताची पोथी सापडली आणि स. म. दिवेकर यांनी ती १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्हींतून तीच तिथी निघाली. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही तारीख स्वीकारली.

हे तीन कागद कुठे होते ते पाहा. एक मावळात, एक राजस्थानात, एक तमिळनाडूत. ते एकमेकांशेजारी आणून ठेवायला तेव्हा दहा वर्षांहून अधिक काळ गेला. पडद्यावर ते आज एका मिनिटात शेजारी ठेवता येतील. दूरवरच्या प्रती एकत्र पाहता येणे हाच डिजिटल प्रतीचा सर्वांत मोठा फायदा आहे.

छापील पुस्तक पुरेसे नाही का, असे कुणी विचारील. ते उपयोगी आहे, पण त्यातून मूळ दिसत नाही. मोडीत अक्षरे एकमेकांना जोडून लिहिलेली असतात, एका रेषेचा फरक झाला की नाव बदलते. नक्कल करणारा एखादी ओळ गाळतो, संपादक 'दुरुस्ती' करतो. खाडाखोड, समासातली टीप, वेगळी शाई, शिक्क्याची जागा या गोष्टी छापताना नाहीशा होतात. चांगल्या छायाचित्रात त्या टिकतात. काही वेळा तर डोळ्यांना न दिसणारेही दिसते. आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकातली एक प्रत तेराव्या शतकात खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या होत्या. निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन आणि क्ष-किरणांचा वापर करून शास्त्रज्ञांनी खालचा मजकूर वाचला. ही पोथी खासगी मालकाची आहे, १९९८ मध्ये लिलावात ती वीस लाख डॉलरना विकली गेली. तरीही सर्व छायाचित्रे २००८ मध्ये जगाला विनामूल्य खुली करण्यात आली. मालकी एकाची राहिली आणि मजकूर सगळ्यांचा झाला. मालकाचे त्यात काही गेले नाही.

कुलूप म्हणजे सुरक्षा नव्हे

'आमचे कागद मौल्यवान आहेत म्हणून आम्ही ते कुणाला दाखवत नाही' असे अनेक संग्रहांत ऐकू येते. काळजी खरी आहे, पण उपाय चुकीचा. मूळ कागद कमीत कमी हाताळला जावा असे वाटत असेल, तर त्याची चांगली प्रत सर्वांना मिळणे हाच मार्ग आहे. प्रत मिळाली की शंभरातल्या नव्वद वाचकांना मूळ उघडण्याची गरज पडत नाही.

शिवाय इमारती पडतात. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीतील कोलोन शहराचे अभिलेखागार कोसळले आणि हजार वर्षांचे कागद ढिगाऱ्याखाली गेले. तेव्हा एक वेगळेच आवाहन करण्यात आले. पूर्वी येऊन गेलेल्या संशोधकांनी आपल्याजवळच्या छायाप्रती पाठवाव्यात, म्हणजे त्या एका संकेतस्थळावर एकत्र करता येतील. ज्यांना कधीकाळी प्रत दिली होती, त्यांनीच संग्रहाला ती परत दिली. आपल्याकडेही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि तासाभरात ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. कुलूप तेव्हा उपयोगी पडले नाही.

आणि डिजिटल प्रत एकाच ठिकाणी ठेवली तर तीही सुरक्षित नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तिची डिजिटल हस्तलिखिते कित्येक महिने कुणालाच पाहता येईनात. मूळ पोथ्या कपाटात सुखरूप होत्या, पण जगापुरत्या त्या नाहीशा झाल्या होत्या. ज्या चित्रांच्या प्रती इतरत्र ठेवायला मुभा होती ती इतरत्र मिळू शकली. जुन्या काळी पोथ्या नकलून नकलून टिकल्या. पाण्याने, वाळवीने, लढायांनी असंख्य प्रती गेल्या, तरी ज्ञानेश्वरी राहिली, कारण ती घरोघर होती. तोच नियम आजही लागू आहे. प्रत जितकी पसरेल तितकी टिकेल.

काही रास्त हरकती

पहिली हरकत पैशांची. छायाचित्रण, साठवण आणि सूची या सर्वांना खर्च येतो, मग शुल्क का घेऊ नये? पण बहुतेक मोठे संग्रह सार्वजनिक पैशांवर चालतात. नागरिकाने एकदा कर भरून प्रत काढवायची आणि ती पाहायला पुन्हा पैसे भरायचे, हे न्यायाचे नाही. शिवाय शुल्कामुळे शाळा, विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक आधी गळतात. छापील पुस्तकासाठी मोठ्या आकाराची प्रत व्यापारी प्रकाशकाला हवी असेल, तर वेगळी सेवा म्हणून तिचे पैसे घेता येतील.

दुसरी हरकत हक्कांची. भारतात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. भीमसेन किंवा सभासद यांच्या बाबतीत हा प्रश्न केव्हाच संपला. कागदाची मालकी म्हणजे मजकुराची मालकी नव्हे.

तिसरी हरकत अधिक गंभीर आहे. जुन्या कागदांतून आजचे तंटे उभे राहतील. ही भीती खोटी नाही. इनाम कमिशनच्या वेळी कागद म्हणजे जमीन होती, आजही कागद म्हणजे हक्क असू शकतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. त्या प्रश्नाच्या बाजू आपापल्या जागी आहेत. आपल्यापुरता धडा असा की वाद कागद दाखवल्याने जेवढे वाढतात त्याहून अधिक ते कागद न दाखवता केलेल्या दाव्यांनी वाढतात. नोंद सर्वांसमोर असेल तर ती खरी की खोटी, कशी वाचायची, हे कुणालाही तपासता येते.

अर्थात सगळेच सरसकट उघडे करावे असे नाही. हयात माणसांची खासगी माहिती, आजारपणाचे कागद, एखाद्या समाजाने श्रद्धेने राखलेले आणि बाहेर न दाखवण्याचे ठरवलेले ग्रंथ यांबाबत संमती घेऊनच पाऊल टाकले पाहिजे. पण हा अपवाद आहे, आणि अपवादाच्या आड सगळे कपाट बंद ठेवणे योग्य नाही.

'मोकळे' कशाला म्हणायचे?

प्रत तयार झाली आणि संस्थेच्या संगणकात पडून राहिली, तर उपयोग शून्य. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' अभियान जाहीर झाले, त्याचे उद्दिष्ट एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचे, नोंदणीचे आणि जतनाचे आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे. दिशा चांगली आहे. तरी प्रत्येक संग्रहाला चार प्रश्न विचारावेत. चित्र अक्षर वाचता येईल इतके मोठे मिळते का? ते उतरवून घेऊन वर्गात, पुस्तकात वापरायची परवानगी स्पष्ट लिहिली आहे का? त्याचा पत्ता कायम राहणार आहे का, म्हणजे आज दिलेला संदर्भ दहा वर्षांनी उघडेल का? आणि सूचीत गावाच्या नावाने शोध घेता येतो का?

शेवटचा प्रश्न आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. सूची सहसा राजांच्या आणि ग्रंथांच्या नावांनी होते. दिंडोरीचा शिक्षक 'दिंडोरी' शोधणार. फारसी, मोडी आणि इंग्रजी कागदांत हे नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असणार. त्या सर्व रूपांची सांगड घालणे हे यंत्राचे काम कमी आणि जाणत्या माणसाचे अधिक आहे. २०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने जेरेमी बेंथमच्या हस्तलिखितांची चित्रे खुली करून ती उतरवून काढायला स्वयंसेवकांना बोलावले आणि जगभरातले लोक कामाला लागले. २०१४ पासून मोडी अक्षरांना युनिकोडमध्ये स्थान आहे. चित्रे खुली झाली, तर निवृत्त शिक्षक आणि मोडी शिकणारे विद्यार्थी हे काम आपल्याकडेही करू शकतील.

आपल्या शाळेत काय करता येईल?

दिंडोरी तालुक्यातच आशेवाडीजवळ रामशेजचा किल्ला आहे. १६८२ पासून मोगलांनी त्याला वेढा घातला, एकामागून एक सरदार बदलले, आणि किल्ला कित्येक वर्षे दाद देईना. गडावर लोखंडी तोफा नसल्याने किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून चालवल्या, असे मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. त्या किल्लेदाराचे नाव काय? वेगवेगळी नावे सांगितली जातात आणि त्यांवर वाद आहे. हा वाद भाषणांनी मिटणारा नाही. मिटला तर तो एखाद्या समकालीन कागदाने मिटेल.

म्हणून मुलांना तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, दोन साक्षी शेजारी ठेवून वाचायच्या आणि फरकांची यादी करायची. दिंडोरीची लढाई त्यासाठी तयार पाठ आहे, चंद्राचे गणित त्याच्या जोडीला घ्यावे. दुसरी, मोडीची ओळख करून घ्यायची. राज्य पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरवते. तिसरी, घरातल्या, देवळातल्या, पाटील-कुलकर्ण्यांच्या वाड्यातल्या जुन्या कागदांची नोंद करायची. कागद मागून आणायचा नाही, जिथे आहे तिथेच राहू द्यायचा. मालकाची परवानगी घेऊन दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता, सरळ वरून छायाचित्र घ्यायचे. शेजारी मोजपट्टी ठेवायची. पाठची बाजू कोरी असली तरी तिचेही चित्र घ्यायचे. कागद कुठे, कुणाकडे, कोणत्या तारखेला पाहिला ते लिहून ठेवायचे. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही, त्याला लॅमिनेशन करायचे नाही. चित्राच्या प्रती मालकाला, शाळेला आणि जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयाला द्यायच्या, म्हणजे एक गेली तरी दोन उरतील.

नववीतल्या त्या मुलीला आज आपण एवढे सांगू शकतो की ही लढाई पाहणारा एक जण होता, त्याने लिहून ठेवले आणि त्याचे लिखाण लंडनला आहे. तिचा शेवटचा प्रश्न होता, "आम्हाला तो बघता येईल का?" या प्रश्नाला 'हो' असे उत्तर देणे आता तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड राहिलेले नाही. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते ठरवायचे आहे, आणि त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहणे हे आपले, शिक्षकांचे काम आहे.